बोळातले पाणी

बकरीदच्या दुसऱ्या दिवशी अम्मी मोरीत घसरल्या. 2024 चा जून महिना. आदल्या दिवसभर गोश्ताची पातेली, पराती, सुऱ्या त्याच मोरीत घासल्या गेल्या होत्या. शहाबादी फरशीवर चरबीचा हात फिरलेला, कोपऱ्यात शेवाळ. पहाटे अम्मी वजूला गेल्या आणि धप्पकन आवाज आला. हाड मोडले नाही, हे अल्लाहचे उपकार. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, गुडघ्याला पट्टा दिला आणि विचारले, "मोरी कशी आहे तुमची?" उत्तर देताना आम्ही दोघेही खाली पाहू लागलो.

आम्ही दोघे म्हणजे नवरा-बायको. दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिक्षक. बी.एड.च्या वर्गात पाठाच्या टाचणांची देवाणघेवाण करता करता लग्न झाले, असे आमचे मित्र सांगतात. ते फारसे खोटे नाही. घर सोलापूरच्या जुन्या पेठेत. पूर्वी माळवद होते. आता पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागे पत्रा आहे. भिंती मात्र जुन्याच, दगड-मातीच्या, दोन फूट रुंद. उन्हाळ्यात याच भिंतींमुळे आम्ही जगतो.

मोरी मागच्या कोपऱ्यात. घराच्या जमिनीपासून तीन इंच उंच, पुढे दगडी उंबरा, भिंतीला तळाशी एक भोक. पाणी त्या भोकातून पलीकडच्या बोळात जायचे. ट्रॅप नाही, जाळी नाही. रात्री घुशी येऊ नयेत म्हणून अम्मी त्या भोकाला फडक्याचा बोळा लावायच्या आणि फजरच्या आधी काढायच्या. सुनेला लग्नानंतर सोपवलेले पहिले काम हेच होते. बोळा विसरला तर सकाळी स्वयंपाकघरात पाहुणे आलेले दिसत.

बोळाविषयीही सांगायला हवे. आमचे घर आणि चच्चांचे घर मुळात एकच. वाटणी झाली तेव्हा मध्ये अडीच फुटांचा बोळ राहिला. दोन्ही घरांचे सांडपाणी त्यातल्या दगडी पन्हळीतून वाहत तोंडाशी असलेल्या चेंबरमध्ये पडायचे. 2006 साली चच्चांनी बोळात कोबा केला. कोबा अर्धा फूट जाड. आमच्या मोरीचे भोक त्यात निम्मे बुजले. अब्बा म्हणाले, माझे पाणी अडवायला केले. चच्चा म्हणाले, तुझ्या पाण्याने माझी भिंत खाल्ली. अब्बांनी रागाच्या भरात मोरी आणि भोक दोन्ही उंच करून घेतले. तो उंबरा तेव्हाचा. त्यानंतर दोन घरांच्या तोंडांना बोळे बसले ते बसलेच. अब्बांचा इंतकाल झाला 2013 मध्ये. चच्चा जनाज्याला आले, माती दिली, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता परतले. आम्हीही बोललो नाही. तेव्हा आम्ही लहान नव्हतो.

असो. ऑगस्टमध्ये मोरीचे काम काढले. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज घेतले. आमची अट एकच होती, उंबरा नको. खोलीतून न्हाणीत जाताना अम्मींना पाय उचलावा लागू नये. जमीन एकसपाट, न घसरणारी खरखरीत फरशी, भिंतीला धरायला दांडा, बसून आंघोळ करता येईल असा हातात धरायचा शॉवर. अंगणातल्या संडासात खुर्चीचे भांडे बसवायचे ठरले. ते बसवताना आम्ही मोबाइलवरचा होकायंत्र उघडून दोनदा खात्री केली की बसणाऱ्याचे तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे होत नाही. मिस्त्रीनेही मान डोलावली. किब्ल्याची दिशा तपासली, फरशीचा रंग तीन दुकाने फिरून ठरवला. पाणी कोणत्या दिशेला जाईल हे मात्र कुणीच कुणाला विचारले नाही.

हार्डवेअरच्या दुकानात दुकानदाराने विचारले, "नहाणी ट्रॅप तीन इंची देऊ की चार?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग कळले की आपल्या न्हाणीचा हा शब्द नळकामाच्या धंद्यात थेट इंग्रजी यादीतही जाऊन बसला आहे. ट्रॅप म्हणजे एक वाटीसारखे भांडे, त्याला आत वळण. त्या वळणात दोन इंच पाणी कायम उभे असते. ते उभे पाणी हाच दरवाजा. गटाराची हवा, झुरळे त्याच्या अलीकडे येत नाहीत. अम्मींना हे समजावून सांगितले तर त्या म्हणाल्या, "मतलब अब बोळा लगाने की जरूरत नै?" तेवढे त्यांना पटले.

मिस्त्री चांगला माणूस. त्याचा मुलगा आमच्याच शाळेत. काम सुरू असताना आम्ही शाळेत असायचो. संध्याकाळी येऊन पाहायचो ते वरवर पाहायचो. आठव्या दिवशी त्याने आमच्यासमोर एक बादली पाणी ओतले. पाणी फिरले, जाळीत गेले. मिस्त्रीने पैसे मोजून घेतले. आम्ही मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवले.

पंधरा दिवस बरे गेले. मग शॉवर सुरू केला की दोन-तीन मिनिटांत पाणी जाळीवर चढू लागले. आधी तळपायाला लागायचे, मग घोट्याला. शॉवर बंद केला की हळूहळू उतरायचे आणि जाताना हुक्क्यासारखे गुडगुडायचे. साबणाचा करडा फेस फरशीवर मागे राहायचा.

आम्ही दोघे चिडलो, पण आमचे फक्त पायच भिजत होते. अम्मींची गोष्ट वेगळी होती. गुसल करताना उभे राहण्याच्या जागी पाणी साचत असेल तर पाय शेवटी, तिथून बाजूला होऊन धुवायचे, हे त्यांना त्यांच्या नानीने शिकवले होते. एका जुम्याला आम्ही पाहिले. अम्मी ओल्या अंगाने न्हाणीच्या बाहेर आल्या, एक हात दाराच्या चौकटीला, दुसऱ्या हातात लोटा, आणि एका पायावर उभ्या राहून दुसरा पाय धुऊ लागल्या. तोच गुडघा. ज्या पडण्याच्या भीतीने बेचाळीस हजार रुपये घातले, ते पडणे आता न्हाणीच्या आतून बाहेर आले होते, इतकेच.

मिस्त्रीला बोलावले. त्याने जाळी काढली, हात घातला आणि ट्रॅपमधून सिमेंटचे तीन गोळे काढले. फरशी बसवताना पडलेला माल आत घट्ट झाला होता. "निघालं दुखणं," तो म्हणाला. चार दिवस पाणी गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग तार घातली. तारेला केस आणि साबणाचा चिखल आला. पुन्हा चार दिवस. रबरी पंप आणला. कुणी म्हणाले अॅसिड ओता, ते आम्ही टाळले. कुणी म्हणाले जाळी फरशीपेक्षा सूतभर वर आहे. तीही खाली बसवून झाली. प्रत्येक उपाय चार दिवसांचा. जुनाट खोकल्याला औषध बदलत राहावे तसे आमचे चालले होते.

उत्तर मिळाले ते वर्गात. आमच्यापैकी एकाच्या वर्गात पाण्याच्या पातळीचा धडा चालला होता. एकमेकांना जोडलेल्या नळ्यांत पाणी सगळीकडे एकाच सतहवर उभे राहते, हे फळ्यावर काढून झाले होते. एका मुलीने विचारले, "एक नली की सतह ऊपर हो तो नीचे का पानी उधर कैसे जाएगा?" उत्तर सोपे होते, जाणार नाही. ते उर्दूत सांगितले, फळा पुसला, आणि उरलेल्या तासात आमचे लक्ष वर्गात राहिले नाही.

त्या रात्री एका बांधकामावरून गवंड्यांची पारदर्शक नळी मागून आणली, पाणसळ बघायची. तिचे एक टोक न्हाणीत धरले, दुसरे भिंतीतून पाइपच्या बाजूच्या फटीतून बोळात सोडले. आत एकजण, बाहेर एकजण टॉर्च घेऊन. बोळात उभे राहायची ती अठरा वर्षांतली आमची पहिलीच वेळ, तीही चोरासारखी. नळीतले पाणी स्थिर झाल्यावर दोन्हीकडे खुणा केल्या, काठीने ट्रॅपची खोली मोजली. ट्रॅपमधून पाइप निघतो तिथे त्याचा तळ फरशीच्या साडेतीन इंच खाली होता. बोळात बाहेर पडतो तिथे एकच इंच खाली. म्हणजे पाइप अडीच इंच चढत होता. गवंडी ज्याला ढाळ म्हणतात तो फुटाला पाव इंच खाली हवा. आमचा ढाळ उलटा होता. त्या शेवटच्या एका इंचाच्या जोरावर पाणी कसेबसे ढकलले जात होते, आणि साबण, केस, मळ पाइपच्या पोटात बसून राहत होते. बादलीभर पाण्याच्या परीक्षेत हे कळत नाही. दोन बी.एड. असूनही कळत नाही.

सकाळी मिस्त्रीला खुणा दाखवल्या. त्याने नाकारले नाही. थोडा वेळ थापीने नुसती माती उकरत बसला. मग म्हणाला, "सर, मला ठाऊक होतं. भोक खाली घेतलं की बाहेर चच्चांचा कोबा लागतो. तो फोडायला पाहिजे. तुमच्या दोन घरांत बोलणं नाही, ही पेठ जाणते. कोब्याला हात लावून मी भांडण कशाला लावू? म्हणून कोब्याच्या वरून पाइप काढला."

आम्हाला त्याच्यावर ओरडायचे होते, पण ओरडता आले नाही. त्याने आमच्या घराची लाज राखली होती आणि त्या नादात पाइप चढवला होता.

त्याने दुसरा मार्गही सांगितला. न्हाणीची जमीन तीन इंच वर घ्यायची. ट्रॅप वर येईल, ढाळ मिळेल, कुणाला विचारायला नको. बाहेर एक छोटा उंबरा होईल, एवढेच. अब्बांनी 2006 साली जे केले तेच. दोन दिवस आम्ही हा विचार खरोखरच केला, हे कबूल करायला हवे. एक लाकडी फळी ठेवू, उतरण करू, अम्मींना हात देऊ, अशा योजना रात्री कागदावर काढल्या. सकाळी दोघेही शाळेला गेल्यावर हात कोण देणार, हा प्रश्न कागदावर आला नव्हता.

मग मशिदीतल्या एखाद्या बुजुर्गाला मध्यस्थ घालावे असे ठरत होते. अम्मी ऐकत होत्या. म्हणाल्या, "पानी अपना है, अपनेच जाना." पुढे त्यांनी तसबीह हातात घेतली. म्हणजे विषय संपला.

इशा झाल्यावर आम्ही गेलो. चच्चा बाहत्तर वर्षांचे. यंत्रमागावर जॉबर होते, आता घरीच असतात. चाचीने दार उघडले आणि ती क्षणभर दारातच उभी राहिली. चच्चांनी "बैठो" म्हटले. आम्ही बसलो. आजारपण, पाऊस, मुलांच्या शाळा, काहीच विषय निघेना, तेव्हा सरळ पाइपचेच सांगितले. फुटाला पाव इंच, अडीच इंच उलटा, सगळे आकड्यांत. आकड्यांत बोलणे सोपे गेले. चच्चा ऐकत होते. मध्ये एकदाच विचारले, "भाभी गिरी थी, वो इसीच मोरी में?" आम्ही हो म्हटले.

ते उठले, टॉर्च घेतला. वाटले बोळ दाखवणार. त्यांनी आतल्या खोलीत नेले. पलंग पुढे ओढला. मागच्या भिंतीचा गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत सुटला होता. माती दिसत होती, मातीवर पांढऱ्या मिठाचे पोपडे. बोट लावले की भुगा पडत होता. खोलीत ओलीचा वास होता, तो कपड्यांनाही असणार. "पहले मेरी दीवार देखो," ते म्हणाले. "कोबा मैंने इसके वास्ते डाला था. कोबा भी फटा. पानी फिर अंदर."

आम्ही आयुष्यभर ज्या मोरीत पाक होऊन बाहेर पडलो, तिचे पाणी इथे येऊन मुक्काम करत होते. आमच्या घरात या ओलीची गोष्ट नेहमी चच्चांचे निमित्त म्हणून सांगितली गेली होती. अब्बा खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी ही भिंत पाहिली होती का, हे आता विचारता येत नाही. त्यांचे भोक कोब्याने बुजवले होते, हेही खरेच होते. आम्ही काही बोललो नाही. पलंग परत लावायला हात दिला.

"तोडो कोबा," चच्चा म्हणाले. "लेकिन खुल्ला पानी नको. चेंबर तक पाइप." चहा घ्या असे चाचीने म्हटले, चच्चांनी म्हटले नाही. आम्ही उभ्या उभ्या अर्धा कप घेतला.

काम चार दिवस चालले. भिंतीत मध्येच एक मोठा काळा दगड होता. मिस्त्री आणि त्याचा बिगारी दीड दिवस छिन्नी-हातोडा चालवत होते. यंत्र लावले असते तर दगड-मातीची भिंतच हलली असती. बोळातला कोबा फूटभर रुंदीचा फोडला. खाली जुनी दगडी पन्हळ जशीच्या तशी निघाली, तासलेली, गुळगुळीत, चेंबरकडे उतरलेली. चच्चा खुर्ची टाकून बोळाच्या तोंडाशी बसायचे. पन्हळ दिसली तेव्हा ते खाली वाकून बघत राहिले. "ये हम दोनों भाइयों ने बिठाई थी," एवढेच म्हणाले. ती पन्हळ काढायची नाही, असे आम्ही मिस्त्रीला सांगितले. पाइप तिच्यातच झोपवला. भिंतीपासून चेंबरपर्यंत बारा फूट, तीन इंच उतार. प्रत्येक जोडावर चच्चा मिस्त्रीला पाणसळ ठेवायला लावायचे. मिस्त्री वैतागला, पण जॉबरची नजर चुकवता येत नाही. पाइपभोवती वाळू, वर कोबा, आणि कोब्याला उतार दोन्ही भिंतींपासून दूर, मध्याकडे. हे शेवटचे चच्चांचे डोके.

खर्च नऊ हजार आला. मिस्त्रीने मजुरी निम्मीच घेतली. ती पूर्ण द्यायला हवी होती असे आम्हाला आता वाटते. पाइप चढवण्यात आमचाही वाटा होता.

फरशी पुन्हा बसवण्याआधी पाणी कोंडून पाहायचे होते. ट्रॅपचे तोंड बंद करून इंचभर पाणी चोवीस तास उभे ठेवायचे आणि पातळी उतरते का बघायची. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. इंचभर पाणी म्हणजे चौघांच्या आंघोळी. तरी कोंडले. ट्रॅपला लावायला बूच मिळेना, तेव्हा अम्मींनी कपाटाच्या खालून त्यांचा जुना बोळा काढून दिला. जपून ठेवला होता. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच होते. बोळा काढला, पाणी एका दमात गेले, गुडगुड न करता. त्याच वेळी बोळातून चच्चांचा आवाज आला, "आया! आया!" चेंबरचे झाकण उघडून ते बघत उभे होते.

त्यांची भिंत सुकायला वेळ लागतो आहे. मिस्त्री म्हणाला, ओल पूर्ण जाईपर्यंत गिलावा करू नका, मीठ पुन्हा वर येते. 2025 च्या रमजानपर्यंत गुडघ्याइतकी ओल उरली होती. इफ्तारीची थाळी आम्ही पाठवली, ती रिकामी परत आली नाही. ईदला चच्चा आमच्याकडे आले. शीरखुर्मा घेतला नाही, साखरेचे कारण सांगितले. पण न्हाणीत जाऊन जाळी उचलून बघितली.

आता शॉवर दहा मिनिटे चालला तरी फरशीवर पाणी उभे राहत नाही. अम्मींना आतच पाय धुता येतात, हे आम्ही त्यांना दाखवून दिले, समजावून दिले. त्या हो म्हणतात, आणि गुसल झाला की लोटा घेऊन बाहेरच येतात. सत्तर वर्षांची सवय. शेवटी आम्ही न्हाणीच्या बाहेर, दाराशेजारी आणखी एक दांडा ठोकला आणि खाली एक स्टूल ठेवले. त्या स्टुलावर बसून पाय धुतात. ते पाणी तिथल्या तिथे कुंडीतल्या तुळशीजोग्या सब्जाला ओततात, त्याला वेगळा पाइप लागत नाही.